पायाला पाय लागला तेव्हा

माझी नात पुण्यात फी भरून बॉलरूम डान्स शिकते. परवा मोबाइलवर दाखवत म्हणाली, आजी, तुला काय कळणार यातलं. म्हटलं, शहाणे, तुझी आई जन्मायच्या आधी मी जालन्यात वॉल्ट्झ केलाय, तोही सहावारीत पदर खोचून. पोरगी बघतच राह्यली.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही दोघं टेंभुर्णीच्या शाळेत शिक्षक, लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. शाळा एक, रस्ता एक, पण हे कायम पुढं आणि मी मागं. बरोबरीनं चाला की, म्हटलं तर म्हणायचे, लोक काय म्हणतील? माझा नुसता जीव जळायचा. मला एवढंच पाहिजे होतं, एकदा तरी यांनी चारचौघांत माझ्या बाजूनं चालावं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत जालन्याला शिक्षकांचं शिबिर लागलं. जागा इंग्रजांच्या जुन्या छावणीतली, साहेब लोकांचा लाकडी फरशीचा हॉल. कवायत शिकवायला हैदराबादच्या एक निवृत्त बाई आल्या होत्या. लेझीम झाली, आट्यापाट्या झाल्या, मंग एके दिवशी त्यांनी वॉल्ट्झची रेकॉर्ड लावली. म्हणाल्या, हा नाच मुळात तिकडं युरोपातल्या खेड्यांतल्या कुणब्यांचा. बाप्या बाईच्या कमरेला हात घालून गिरक्या घेतो म्हणून बड्या लोकांनी नाकं मुरडली, आणि पुढं तेच आपापल्या महालात हा नाच नाचायला लागले. साहेब लोक तो इथवर घेऊन आले, याच फरशीवर नाचले.

शिबिरात नवराबायको आम्हीच. बाईंनी आम्हालाच पुढं ओढलं. हे कानापर्यंत लाल. मी मात्र मनातून खूश, कारण या नाचात पुढंमागं चालायची सोयच न्हाई.

पण झालं भलतंच. माझा पाय यांच्या पायाला लागला की मी वाकायची, पायाला हात लावून कपाळाला लावायची. लहानपणापासूनची सवय, हात आपोआप जायचा. नाच तिथंच थांबायचा, शिबिरातल्या बाकीच्या शिक्षिका तोंडाला पदर लावून हसायच्या. बाई कपाळाला हात लावायच्या. समारोपाला हा नाच सगळ्यांसमोर करायचा होता. शेवटी हे वैतागले. समारोपाला मी नाचणार न्हाई, तू एखाद्या बाईबरोबर नाच, म्हणाले. मी त्या रात्री जेवले न्हाई.

समारोपाला हे आले, पण तोंड पाडून. रेकॉर्ड सुरू झाली. मी पाय अगदी जपून टाकत होते. तेवढ्यात यांचीच टाच माझ्या बोटांवर आली. मी कळवळले. हे थांबले, खाली वाकले, माझ्या पायाला हात लावून तो कपाळाला लावला. भरल्या हॉलमध्ये. कुणी हसलं न्हाई. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अहो, काय करताय? लोक बघतात," मी म्हटलं.

"माझा पाय लागला ना तुला," हे म्हणाले, आणि पुन्हा माझा हात धरला.

रेकॉर्ड संपेपर्यंत नाचलो. ताल कधीच चुकला होता. माझ्या डोळ्यांना पाणी आलेलं, ते मी बोट दुखतंय म्हणून खपवलं.

दुसऱ्या दिवशी टेंभुर्णीला एसटीतून उतरलो. हे सवयीनं पिशवी घेऊन पुढं निघाले आणि थोडं जाऊन थांबले. पारावर नेहमीची मंडळी बसलेली. मी मुद्दाम खाली बसून चपलेचा पट्टा नीट करत राह्यले.

मी शेजारी येईस्तोवर हे थांबलेच.