देवाला सोडलेला मेंढा

त्या काळी वऱ्हाडावर नागपूरच्या साहेबाचा हुकूम चालायचा, पण आमच्या कळपावर पंचांगाचा. शिमगा जवळ आला की नरांच्या पोटाखाली गोणपाटाचा फडका बांधायचा. ऐकणारे हसतात, हसोत बापडे. मेंढी पाच महिने गाभण राहते. फाल्गुनात नर मोकळा राहिला तर कोकरं ऐन श्रावणात, चिखलात पडणार. म्हणून फडका सुटायचा आषाढात.

त्या वर्षी माझी लेक तापानं फणफणली. अमडापूरच्या वैद्याची मात्रा लागू पडेना. बुलढाण्याला न्यायचं, तर बैलगाडीचे हिसके तिला सोसले नसते. घाबरून मी नवस बोलले, पोर वाचली तर थोरला मेंढा देवाला सोडीन. पोर वाचली. मेंढ्याच्या कपाळी भंडारा लागला. आणि देवाच्या जनावराला आमच्यात कुणी बांधत नाही, कोंडत नाही, विकत नाही. नवस बोलताना हे कुणाला सुचतं?

शिमग्यात बाकीच्या नरांना फडके बांधून झाले. हा मात्र ऐटीत मेंढ्यांच्या मागे. धनी फडका घेऊन माझ्यापुढे उभे राहिले.

"नवस तुह्या तोंडचा. आता तूच बांध."

"मी नाही बांधत. देवाचा कोप पोरीवर येईल."

"अन् कोकरं मेले तं?"

"मरू द्या."

मी बोलून गेले. सासूबाई चुलीपाशी बसून म्हणाल्या, "देवाले देलं ते देलं." त्या दिवसापासून धनी माझ्याशी कामापुरतंच बोलू लागले.

श्रावणात झड लागली. कोकरं पडत गेली आणि ओल्यात गारठून मरत गेली. मी त्यांना फडक्यानं चोळायची, चुलीजवळ धरायची. रडू यायचं, त्याहून राग यायचा. देवाचा यायचा, माझाही यायचा.

एका सकाळी धनी बांधाला खड्डा खणत होते. मी मेलेली कोकरं पाटीत घालून नेली.

"पाह्य, तुह्या नवसाचं फळ," ते म्हणाले.

मी तोंड उघडणार, तोच झोपडीत लेक खोकली. साधा पावसाळी खोकला. कुदळ फेकून ते धावले. चिखलाच्या हातांनीच तिचं कपाळ चाचपलं, पुन्हा चाचपलं. कपाळ गार होतं. बराच वेळ ते तिच्याजवळ बसून राहिले.

मग बाहेर आले आणि कुदळ उचलली.

"पुढच्या सालीबी त्या मेंढ्याले बांधू नको," माझ्याकडे न बघता म्हणाले, आणि खड्डा आणखी रुंद करू लागले.