दौलतरावांची हरकत

सांगवीच्या दौलतरावांचा जगावर विश्वास नव्हता. देवळात नारळ वाढवला, तर परत मिळालेली वाटी आपल्याच नारळाची आहे ना, हे ते करवंटीला करवंटी जुळवून बघत. त्यात त्रेपन्न साली गावच्या जमिनींचं एकत्रीकरण झालं. नदीकाठचे काळेभोर तुकडे गेले आणि बदल्यात टेकाडाखालचं मुरमाड रान आलं. हरकत घेता येते, हे दौलतरावांना कळलं तेव्हा हरकतीची मुदत संपली होती. तेव्हापासून 'बदल्यात' म्हटलं की त्यांच्या मिशा ताठ होत.

छप्पन साली तो शब्द धाकट्या सुनेच्या वाट्याला आला. इंद्रायणी परभणीकडची, हैदराबादच्या विद्यापीठाची इंटर, म्हणजे मॅट्रिकनंतरची दोन वर्षं, पास. तिला पुढची दोन वर्षं करून बी.ए. व्हायचं होतं. सासूबाईंनी, कौशल्याबाईंनी, तेवढीच मोजून परवानगी दिली होती. "दोन वर्सं. तिसऱ्या वर्साला पाळणा हलला पायजे."

सासरा-सून नदी ओलांडून इकडच्या विद्यापीठाच्या कचेरीत गेली. कारकुनाने कागद उलटेपालटे केले.

"तिकडचे विषय निराळे आहेत. तिकडच्या दोन वर्षांचं एकच धरू. इंटरचं पुन्हा करावं लागेल."

इंद्रायणीचा चेहरा उतरला. दोनाची तीन वर्षं झाली म्हणजे बी.ए. संपलंच.

दौलतराव पुढे सरकले. "सायेब, पोरीनं तिकडं दोन वर्सं दिली. बदल्यात तुमी एक देताय. मधलं कुनी खाल्लं?"

"खातंय कोण? नियम आहे, आजोबा."

"व्हय, नियमच खातो. आमचं काळं रान बी त्यानंच खाल्लं."

"मामंजी, चला ना," इंद्रायणी पुटपुटली.

"थांब गं. हिची दोन वर्सं मुरमाड हायेत, ह्ये तुमी कवा खणून बघितलं?" त्यांनी टेबलावर पंजा टेकला. "हरकत कुटं घ्यायची? आन् मुदत कंदीपतुर?"

कारकुनाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "तशी समिती आहे. तिकडे काय शिकलात तो अभ्यासक्रम जोडून अर्ज करा. शनिवारपर्यंत."

"बघितलंस? इचारल्याबगर बोलला न्हाई!"

अभ्यासक्रमाचं पुस्तक इंद्रायणीने माहेराहून आणलेल्या ट्रंकेत होतं. तिने अर्ज लिहिला. दौलतरावांनी तो तीनदा वाचून घेतला आणि कुणी मागितलं नसताना खाली साक्षीदार म्हणून सही ठोकली. शुक्रवारीच जाऊन दिला. पोचेवरचा शिक्का बोटाने घासून पाहिला. शाई बोटाला लागली, तेव्हा कुठे हलले.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. इंटर पूर्ण धरली होती. तिकडे नसलेल्या एका विषयाचा पेपर तेवढा वर्षभरात द्यायचा होता. इंद्रायणीला रडू आवरेना. कौशल्याबाईंनी हातावर साखर ठेवली. दौलतरावांनी मात्र पत्र उन्हात धरलं.

"येवढ्या लौकर कबूल झाले? काय तरी गोम हाय."

म्हणून पहिल्या दिवशी ते सुनेबरोबर थेट कॉलेजात गेले. ती वर्गात शिरली. पडवीत त्यांनी एका मुलीला गाठलं.

"पोरी, ह्यो वर्ग कंचा?"

"ज्युनियर बी.ए.चा."

"म्हंजे इंटरच्या म्होरला?"

"हो, आजोबा."

दौलतरावांनी तिला आशीर्वाद दिला. ती वळणाआड जाईपर्यंत थांबले, आणि मग दुसरीला विचारलं.