थोरला इंचभर उंच

त्याला सगळे फुटपट्टी म्हणत, आणि त्यात थट्टा कमी, वर्णन जास्त होतं. साठीचा माणूस. चौकातल्या औषधांच्या दुकानाच्या वर त्याचा दोन खोल्यांचा फोटो स्टुडिओ होता, आणि कॉम्प्युटरसमोर बसला की त्याच्या हातात खरोखरची, लाकडी, फूटभर पट्टी असायची. पडद्यावरच मापं दाखवणारी पट्टी असते हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. पण तिच्यावर त्याचा विश्वास नव्हता. "कॉम्प्युटरची पट्टी कॉम्प्युटरच्याच बाजूने बोलणार," असं म्हणून तो लाकडी पट्टी पडद्याच्या काचेला टेकवायचा आणि एक डोळा मिटायचा. बायकोने एकदा काच पुसायला घेतली तेव्हा तिला तिच्यावर पेन्सिलीच्या अकरा खुणा सापडल्या. त्या पुसल्या म्हणून दोन दिवस अबोला होता.

त्याचं मुख्य काम म्हणजे फोटोत नसलेल्या माणसांना फोटोत आणणं. कुणी रजेवर होतं, कुणी रुसलं होतं, कुणी जन्मालाच उशिरा आलं, अशांना तो वेगवेगळ्या फोटोंमधून कापून काढायचा आणि एकत्र उभं करायचा. प्रत्येक माणूस एका लेअरवर, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांवर जसं एकेक चित्र असावं, तसा. मग एकेकाला लहानमोठा करायचं, सरकवायचं, सगळ्यांचे पाय एका जमिनीवर आणायचे. ऐकायला सोपं वाटतं. पण एका कचेरीच्या ग्रुप फोटोत गैरहजर शिपायाला मागाहून बसवताना तो साहेबांपेक्षा मूठभर मोठा झाला. साहेबांनी फोटो परत पाठवला. शिपायाने मात्र दोन प्रती जास्त मागवल्या.

त्या दिवसापासून फुटपट्टीने नियम केला की खरी उंची कळल्याशिवाय माणूस उभा करायचा नाही. गिऱ्हाईक आलं की आधी उंचीची चौकशी. लोक वैतागत. "अहो, फोटो काढायचाय, पोलिसात भरती नाही व्हायचं," असं एकाने सुनावलंही. हा ढिम्म.

त्याच्याकडे एक दिवस ताई आली. ताई म्हणजे गणिताची निवृत्त शिक्षिका. निम्मं गाव तिच्या हातून नापास झालेलं, त्यामुळे सगळे तिला वचकून असत. तिची आई शहाऐंशीची. सारा जन्म शिवणकाम केलेली बाई, गावातल्या तीन पिढ्यांचे कपडे तिच्या मशीनखालून गेलेले. तिची दृष्टी आता झपाट्याने चालली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दोन-तीन महिने, मग उजेड-अंधार तेवढा कळेल. आईने कसलीच तक्रार केली नाही. फक्त म्हणाली, मला माझी तिन्ही मुलं एकदा एका जागी बघायची आहेत.

आणि तीच गोष्ट होणं अवघड होतं. ताईचे दोन भाऊ, थोरला आणि धाकटा, यांच्यात नऊ वर्षं विस्तव जात नव्हता. भांडण कशावरून, तर आईचं शिवणयंत्र कुणाकडे राहावं यावरून. दोघांपैकी एकालाही बटण लावता येत नव्हतं. यंत्र शेवटी ताईकडेच राहिलं, पण भाऊ एका खोलीत यायचे थांबले. एक सकाळी फोन करायचा, दुसरा संध्याकाळी, आणि आईने एकाचा विषय दुसऱ्यापाशी काढला की लाइन कट व्हायची.

"तुम्ही आम्हा तिघांना जोडून द्या," ताई म्हणाली. "आईला कळता कामा नये. तिला वाटलं पाहिजे की हे खरंच एकत्र आले होते."

"उंची किती दोघांची?" फुटपट्टीने विचारलं.

मग फुटपट्टीने स्वतःच दोघांना फोन करून उंची विचारली. थोरला म्हणाला पाच फूट नऊ इंच. मग थांबून म्हणाला, "त्याने किती सांगितली?" धाकट्याने तर आधी तेच विचारलं. थोरल्याचं ऐकल्यावर म्हणाला, "मग माझी साडेनऊ लिहा."

फोटो आले ते असे. थोरल्याचा कचेरीच्या सहलीतला, डावीकडे बघणारा, बाजूला कुणाची तरी छत्री. धाकट्याचा कुणीतरी वरून काढलेला, त्यात डोकं भोपळ्याएवढं आणि पाय निमुळते. फुटपट्टीने कोपरा धरून दोघांना मापात आणलं. घाईत पहिल्यांदा लांबी-रुंदीचं प्रमाण कायम ठेवणारं साखळीच्या चित्राचं बटण दाबायचं राहिलं आणि थोरला कपाटासारखा रुंद झाला. तो मागे घेतला. मग सगळ्यांना सिलेक्ट करून पाय एका रेषेत आणायची आज्ञा दिली. ताई, आई, थोरला, सगळे नीट उभे राहिले, आणि धाकटा जमिनीपासून वीतभर वर तरंगायला लागला. तीनदा आज्ञा दिली, तीनदा तो तरंगला. पाऊण तास डोकं खाजवल्यावर शोध लागला की त्याच्या लेअरवर, बुटाच्या बऱ्याच खाली, कापताना एक धुळीचा ठिपका राहून गेला होता. कॉम्प्युटर त्या ठिपक्यालाच धाकट्याचा पाय समजत होता. ठिपका पुसला, आणि धाकटा गुमान जमिनीवर आला.

शेवटचं काम थोरल्याचं. तो फोटोत डावीकडे उभा, आणि बघत होता आणखी डावीकडे, म्हणजे घरच्यांकडे पाठ फिरवून. ते खरं असलं तरी दिसायला बरं नव्हतं. फुटपट्टीने त्याला फ्लिप केला, म्हणजे आरशात दिसावा तसा डाव्याचा उजवा केला. थोरला एका क्षणात भावाकडे प्रेमाने बघायला लागला. नऊ वर्षांत घरच्यांना जे जमलं नाही ते आपण एका बटणात केलं, या कौतुकात फुटपट्टीने मोठा प्रिंट काढला आणि स्वतः ताईच्या घरी नेऊन दिला.

आई खिडकीपाशी खुर्चीत होती. तिने प्रिंट मांडीवर घेतला, जाड भिंग लावलं आणि तुकड्यातुकड्याने बघायला लागली.  मग तिने गळ्यातली टेप काढली आणि भिंगाखाली प्रिंटवर लावली. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी ती टेप गळ्यातच असायची.

"हा थोरला उलटा आहे," ती म्हणाली.

"म्हणजे?" ताईने विचारलं.

"उतरता खांदा डावा त्याचा. इथे उजवा दिसतोय. पहिल्या शर्टापासून मी त्याच्या डाव्या खांद्यात पॅड घालत आले, मला शिकवतेस?" तिने भिंग सरकवलं. "आणि धाकटा उंच कसा? थोरला पाच साडेआठ. धाकटा साडेसात. तुम्ही उंची विचारल्याशिवाय कुणाला उभं करत नाही, म्हणजे दोघेही खोटं बोललेत, आणि धाकटा जास्त."

फुटपट्टीला वाटलं धरणी दुभंगावी. नियम केल्यापासून कुणी त्याचं माप नाकारलं नव्हतं. "मावशी, आमच्याकडे फोनवरून माप घ्यावं लागतं," तो कसाबसा म्हणाला.

"मग घेऊ नका. मी कधी ट्रायल झाल्याशिवाय कपडा दिला नाही. हा फोटोही तसा घेणार नाही." तिने प्रिंटची नीट गुंडाळी करून त्याच्या हातात दिली. "हात चांगला आहे तुमचा. दोघांना ट्रायलला बोलवा."

आता हे भावांना सांगायचं कुणी? ताईने फोन फुटपट्टीच्या हातात ठेवला. तो सरळमार्गी माणूस, त्याने दोघांनाही एकच वाक्य सांगितलं. "तुमच्या आईंनी तुमची उंची नामंजूर केली आहे. रविवारी दहाला मोजणार आहेत. दुसरे भाऊही येतायत." आई आजारी आहे म्हणून जे आले नसते, आईने बोलावलंय म्हणूनही जे टाळत राहिले, ते दोघे दहाला पाच कमी असतानाच दारात हजर झाले. आपण नसताना दुसऱ्याचं माप खरं ठरेल, ही कल्पनाच कुणाला सोसणारी नव्हती. दोघांच्याही पायात जाड तळव्याचे बूट होते.

"बूट काढा," आई म्हणाली.

फुटपट्टी कॅमेरा घेऊन आला होता. त्याचा बेत साधा होता: एकेकाला भिंतीपाशी उभं करायचं, सुटे फोटो घ्यायचे आणि स्टुडिओत जाऊन जोडायचे. हे दोघे एका चौकटीत उभे राहतील अशी आशा त्याला नव्हती. ते खोलीच्या दोन टोकांना उभे होते आणि दोघेही पंख्याकडे बघत होते.

थोरला आधी भिंतीला लागला. आईने त्याच्या टाचा हाताने चाचपल्या, टेप वर नेली, डोक्यावर वही आडवी धरली. आकडे तिला दिसत नव्हते. ते वाचायला ताई.

"पाच साडेसात," ताई म्हणाली.

"नीट वाच. साडेआठ असेल."

"साडेसातच आहे, आई."

"पुन्हा."

पुन्हाही साडेसात. आईचा हात थोरल्याच्या डोक्यावरून मानेवर आला, पाठीच्या कण्यावरून हळूहळू खाली गेला. तो त्रेसष्टचा होता, आणि ते त्या खोलीत पहिल्यांदाच कुणाच्या तरी लक्षात आलं. "तू कमी झालास," ती म्हणाली. "मला कळवलंही नाहीस."

 थोरल्याने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने उगाच पुसायला घेतला. आईला रडू आलं होतं, आणि तिने ते लपवलं नाही. धाकटा आता पंख्याकडे बघत नव्हता. तो भावाच्या डोक्यावरच्या विरळ केसांकडे बघत होता.

"चल, तू ये," आई त्याला म्हणाली.

धाकटा भिंतीला लागला. टेप वर गेली, वही आडवी झाली.

"पाच," ताई म्हणाली, आणि थांबली. तिने दोनदा वाचलं. "साडेसहा."

फुटपट्टीने मान वर केली. साडेनऊ लिहा म्हणणारा हाच तो माणूस. आईच्या कपाळाला आठी पडली. तिचा हात धाकट्याच्या खांद्यावरून कमरेवर आला, कमरेवरून मांडीवर, आणि गुडघ्यावर येऊन थांबला. ढगळ पँटच्या आत गुडघा वाकवलेला होता.

"सरळ उभा राहा," ती म्हणाली.

"राहिलोय की."

"गुडघा."

"वय झालं, आई. आता होत नाही तो सरळ," धाकटा म्हणाला. त्याच्या मांड्या थरथरायला लागल्या होत्या, पण तो हलला नाही.

आईने हात गुडघ्यावर तसाच ठेवला. थोरल्याने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि खाली, त्या हाताकडे पाहिलं.

"बरं," आई म्हणाली. "मग असाच उभा राहा. याच्या शेजारी."

ताई आईची खुर्ची मध्ये ओढून तिच्यामागे उभी राहिली. थोरला आपल्या पायांनी चालत धाकट्याजवळ आला आणि त्याचा उतरता डावा खांदा भावाच्या खांद्याला लागला. फुटपट्टीने घाई केली, कारण धाकट्याचे पाय फार वेळ टिकणार नव्हते, आणि एकदाच बटण दाबलं.

त्या फोटोत थोरला इंचभर उंच आहे. ते माप चुकीचं आहे हे तेव्हा खोलीत असलेल्या पाचही जणांना माहीत होतं, आणि ते दुरुस्त करायला कुणीही सांगितलं नाही.