माठावरची चिठ्ठी

जर्मनीत नर्सची नोकरी हवी तर आधी जर्मन यायला हवं, असं एजंटानं सांगितलं आणि मी हावरटासारखी सामान गोळा करत सुटले. मोबाइलवर दोन अ‍ॅप, पुण्याहून मागवलेलं जाड पुस्तक, यूट्यूबवरच्या एका बाईंचे धडे, मैत्रिणीनं पाठवलेल्या पीडीएफ. थोड्याच दिवसांत मला सगळ्यांचा पहिला धडा तोंडपाठ होता आणि दुसरा एकाचाही नाही. मग डोकं ताळ्यावर आलं. पुस्तक तेवढं मुख्य ठरवलं. अ‍ॅप फक्त हॉस्पिटलला जाता-येता रिक्षात. पोळ्या लाटताना कानात संवाद. रविवारी ऑनलाइन शिक्षिकेशी बोलायचं, चुकलं तरी बोलायचं. आणि घरातल्या वस्तूंवर जर्मन नावांच्या चिठ्ठ्या: कपाट, दार, आरसा, माठ.

वडील चिडवायचे. यंत्रमागावर टॉवेल विणण्यात त्यांचा जन्म गेला. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, आपसात तेलुगू बोलणारे. पण चिडवायचं असलं की ते मुद्दाम मराठीत बोलायचे, शेजाऱ्यांना ऐकू जावं म्हणून. "माठाचाबी पासपोर्ट काढलीस की काय गं?"

मग एका सकाळी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणंही गेलं. समजायचं सगळं, शब्द मात्र ओठांशी येऊन थांबायचा. वाचा-उपचाराच्या बाई म्हणाल्या, रोज थोडा वेळ बसा, चित्रं दाखवा, वस्तूंवर नावं लावा, तेच तेच शब्द ऐकवा. मला तर हायसंच वाटलं. हे मला येत होतं. घरात कुठली भाषा, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी मराठी म्हणाले.

सोलापुरातल्या आम्हा तेलुगू लोकांची ही खोडच आहे. शाळा, दवाखाना, कचेरी म्हटलं की आम्ही आपोआप मराठीत शिरतो. शिकायचं ते मराठीत, तेलुगू जेवायला आणि भांडायला. मी जर्मन चिठ्ठ्या काढून मराठी लावल्या, चित्रांचा तक्ता आणला, रोज त्यांच्यासमोर बसले. ते माझ्याकडे बघत राहायचे आणि मग मान फिरवायचे. मला वाटायचं, प्रयत्नच करत नाहीत.

एकदा गल्लीतली आत्या आली. तिनं भावाला तेलुगूत दटावून विचारलं, काय हवंय ते सांग. वडील म्हणाले, "नीळ्ळू." पाणी. आत्या रडायला लागली. मला स्वतःचाच संताप आला.

मग तेलुगूचं सामान शोधलं. अ‍ॅप मिळालं, तक्ता मिळाला, पण सगळं पुस्तकी, हैदराबादकडचं. ते शब्द वडील परक्यासारखे ऐकायचे. आमची तेलुगू सोलापुरात वाढलेली, निम्मी मराठीत भिजलेली. तिचं पुस्तक मला कुठे मिळालं नाही. चिठ्ठ्या लिहाव्यात तर मला ती लिपी येत नाही, मी मराठी शाळेतली. मागाच्या एकेका भागाला आमच्यात काय म्हणतात, हे ज्यांना विचारायचं ते समोर गप्प बसलेले.

गेल्या आठवड्यात माझ्या जर्मनच्या परीक्षेचा निकाल लागला. पास झाले. एजंटाचा फोन आला, येणार की नाही ते लवकर कळवा. मी वडिलांजवळ बसून तेलुगूत सांगितलं, "नान्ना, मी पास झाले. जर्मनीला बोलावतील. आत्या तुमच्याजवळ राहील म्हणते. जाऊ का?"

"नीळ्ळू," ते म्हणाले.

अजून तेवढा एकच शब्द आहे त्यांच्याकडे. भूक लागली, डास चावले, दिवा घालव, सगळ्याला तोच. मी माठातून पेला भरून आणला. त्यांनी तो डाव्या हातानं बाजूला सारला आणि माझं मनगट धरलं.

"नीळ्ळू," ते पुन्हा म्हणाले. जा म्हणत होते की जाऊ नकोस, मला कळलं नाही.