जामीनदाराचा रकाना

आमच्या उल्हासला रिकामा रकाना दिसला की चैन पडत नाही. जपानात ग्योतोकुला राहायला आलो तेव्हा नगरपालिकेतल्या बाई 'हे नाही भरलं तरी चालेल' म्हणत होत्या, तरी यानं भरलंच. वीस वर्षं संसार करतेय मी या माणसाशी, त्याची चेष्टा करायचा हक्क माझाच.

लग्नानंतर दोन वर्षं तो काबूलला होता. परदेशी फौजांनी शहरात नवं सरकार उभं केलं होतं, डोंगरात त्या सरकारचे वैरी होते. एका परदेशी कंपनीच्या कंत्राटावर उल्हास नव्या पोलिसांच्या नोंदींची प्रणाली बनवत होता. कागदावर पोलीस हजार, हजेरीला सहाशे. सासरे साताऱ्यात पतसंस्थेत होते. त्यांचीच युक्ती यानं तिथे लावली. प्रत्येक पोलिसामागे गावातले दोन जामीनदार, नाव-पत्त्यासकट. खोटे पोलीस भराभर गळाले. याला शाबासकी मिळाली आणि पुढे जपानची नोकरीही.

मग बऱ्याच वर्षांनी ते सरकार पडलं. फौजा विमानांत बसून गेल्या, नोंदी तिथेच राहिल्या, डोंगरातून उतरलेल्या वैऱ्यांच्या हाती. तेव्हापासून उल्हास घरात असून नसल्यासारखा असतो. जेवता जेवता थांबतो. विचारलं तर म्हणतो, "पत्तेसुद्धा घेतले होते गं मी."

होमायून मूळचा तिकडचाच, इथे जुन्या गाड्यांच्या यार्डात कामाला. स्टेशनजवळच्या मसाल्याच्या दुकानात दोघांची ओळख झाली. गेल्या मार्चमध्ये तो घरी आला. बायको आणि दोन मुली येणार होत्या, खोली पाहिली होती, पण मालकाला होशोनिन हवा होता. म्हणजे जामीनदारच.

"उल्हास-सान, तुमच्याशिवाय मला इथे कोणी नाही," तो हिंदीत म्हणाला.

मी चहा ठेवला. बोलता बोलता त्यानं घरचं सांगितलं. भाऊ पोलिसात होता. गावात किराणा विकणाऱ्या चुलत्यानं त्याच्यासाठी जामीन म्हणून अंगठा दिला होता. सरकार पडल्यावर बंदूकवाले यादी घेऊन आले. भाऊ सापडला नाही, म्हणून चुलत्याला घेऊन गेले. तो परत आला नाही.

उल्हासच्या हातात पेन होतं. मला मनापासून वाटलं, गप्प बस आणि सही कर. आज त्याची लाज वाटते, पण तेव्हा तेच वाटलं.

"तो जामीनदाराचा रकाना मी घातला होता," उल्हास म्हणाला.

होमायूननं जामिनाचा फॉर्म त्याच्यापुढे सरकवला.

"सही करा. मुलींना घर हवं."

"होमायून, मला माफ..."

"ते माझ्याकडे मागू नका. ते चुलत्याच्या हातात होतं."

उल्हासनं सही केली. चहाला हात न लावता होमायून गेला.

आता ते चौघं दोन गल्ल्या सोडून राहतात. सकाळी स्टेशनवर दोघं समोरासमोर येतात. होमायून इथल्या रीतीनं वाकून नमस्कार करतो, बोलत नाही. खोलीचा करार दोन वर्षांचा आहे. तो संपला की सहीसाठी त्याला पुन्हा आमच्याच दारात यावं लागणार, आणि उल्हास आत्तापासून त्या दिवसाला घाबरतो.