घाम नाही, तर ऊन नाही

आई पहिल्यांदाच ॲडलेडला येणार होती, आणि त्या शनिवारी मला तिच्या ताटात अळूवडी वाढायची होती. दुकानातल्या फ्रोझन पानांची नाही, माझ्या कुंडीतल्या पानांची. सहा वर्षं फोनवर तिचं एकच पालुपद होतं, "जिथे अळूसुद्धा येत नाही, तिथे आपल्या माणसानं राहायचं तरी कसं?" मी चिडून फोन ठेवायचे आणि पाचव्या मिनिटाला पुन्हा करायचे. शेवटी हट्टाला पेटून एका मैत्रिणीकडून कंद मिळवला आणि मॉसन लेक्स उपनगरातल्या आमच्या घरामागच्या अंगणात, कुंडीत लावला. पोटच्या पोरीपेक्षा मी त्या अळूचे जास्त लाड करते, असं आमची बारा वर्षांची पोर म्हणते. खोटं नाही.

गुरुवारी उत्तरेकडून वाळवंटातला वारा सुटला. दहा वाजता अंगणात जाऊन मी माझी खास मुंबईची परीक्षा घेतली. मानेवरून हात फिरवला. कोरडा! मुंबईत उन्हाळा मोजायला थर्मामीटर लागत नाही, ब्लाउजची पाठ पुरते. घाम नाही म्हणजे ऊन नाही, असा शेरा मारून मी रोजच्याएवढं पाणी घातलं आणि लॅपटॉप उघडून मीटिंगला बसले.

तीन वाजता पाहिलं तर अळूनं माना टाकलेल्या. एवढी थोरली पानं ओल्या फडक्यासारखी कुंडीच्या काठावरून लोंबत होती. माझा धीरच सुटला. झारी आणली आणि ओतत सुटले.

"मम्मा, स्टॉप! सॉइल ऑलरेडी वेट आहे," लेक ओरडली.

"मग मरतंय कशानं?"

"इट्स द एअर. हवा इतकी ड्राय आहे की पानातलं पाणी खेचून घेते. रूट्स कान्ट कीप अप. तुला पण घाम येतोय, बट इट ड्राइज बिफोर यू फील इट."

शाळेला सुट्टी असताना पोरीनं माझीच शाळा घेतली. पण पटलं. मुंबईची हवा आधीच पाण्यानं गच्च भरलेली, ती पानाकडून आणखी किती घेणार? इथली हवा जन्माची तहानलेली. पान आपली बारीक छिद्रं मिटून घेतं, तरी ती त्याचा पिच्छा सोडत नाही. मुळाशी चिखल असून काय उपयोग, पाणी वर पोचेपर्यंत पान गळाठतं.

पाच वाजता नवरा युनिव्हर्सिटीतून आला. तो पुण्याचा, त्यामुळे कोरड्या उन्हाबद्दल त्याला सगळं आधीपासूनच ठाऊक होतं. त्याचं भाषण मी अर्ध्यावर तोडलं. "ते राहू दे. आता ह्याला मुंबईची हवा कुठून आणू?"

त्यानं घराच्या आत बोट दाखवलं. "बाथरूममधून."

तिघांनी मिळून कुंडी आत ओढत नेली. शॉवरचं गरम पाणी जरा वेळ सोडलं, दार लावून घेतलं. आरसा धुरकटला, भिंती पाझरायला लागल्या, माझा टॉप पाठीला चिकटला. किती वर्षांनी असा घाम! "आली रे आली, मुंबई आली!" मी आतून ओरडले.

"हो, आणि नेहमीप्रमाणे राहायला जागा नाही," नवरा दाराबाहेरून म्हणाला. हसता हसता माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

सकाळी पानं ताठ उभी! टोकांवर पाण्याचे टपोरे थेंब. ओल्या हवेत सुकायला वाव नाही, म्हणून मुळांनी वर ढकललेलं पाणी थेंब होऊन बाहेर आलं होतं. दोन पानांच्या कडा करपल्या होत्या, पण बाकीची धडधाकट. मी पाठ शोधून एकेका पानाला चक्क शाबासकी दिली.

शनिवारी दुपारी आईनं पहिली वडी तोंडात टाकली आणि थांबली. अळू खाजरं असलं तर घसा लगेच सांगतो. मी झारा हातात धरून उभी.

"अजिबात खाजत नाही गं," ती म्हणाली आणि दुसरी उचलली. मग तिसरी.

संध्याकाळी तिनं मावशीला फोन लावला. "हिची काळजी मिटली बघ. लेकीच्या दारात अळू आहे!"

अळू दारात नव्हतं, बाथरूममध्ये होतं. त्याला वळसा घालूनच आई आंघोळ करून आली होती. जन्मात खोटं न बोललेली माझी आई सख्ख्या बहिणीला धडधडीत थाप मारत होती, आणि मला इतका आनंद झाला की उरलेल्या वड्या मी ओट्याशी उभ्यानंच संपवल्या.