त्या घोड्याले पाणी कोण पाजते?

आम्ही तिघं भेटलो की किस्से निघतातच. नवे फारसे घडत नाहीत, पण जुने मात्र कसे कोण जाणे वाढत जातात! मी वकील, दिलीप फुलांचा व्यापारी आणि गज्या, म्हणजे गजानन, वरातीला घोडी देणारा. तिघंही राजापेठेतल्या एकाच गल्लीत वाढलो. आता साठीला टेकलोय. किस्सा सांगून हसून झालं की एकमेकांच्या गोळ्यांची चौकशी होते. पूर्वी असं होत नसे.

*

गल्लीत टीव्ही फक्त आमच्याकडे. रविवारी दुपारी एक जुनी इंग्रजी मालिका लागायची. काउबॉय, पिस्तुलं, धूळ आणि माळावर उधळलेले घोडे. इंग्रजी कुणालाच धड येत नव्हतं, म्हणून दिलीप भाषांतर करायचा. हिरो पाच मिनिटं तावातावाने बोलला की दिलीप शांतपणे सांगे, "तो म्हणून राहिला, मी जेवून आलो."

*

गज्याला मारामारीत रस नव्हता. ती सुरू झाली की तो ओट्यावर जाऊन बसे. मोकळे घोडे दिसले की आम्ही ओरडायचो, "गज्या, घोडे आले!" मग तो धावत यायचा, पण उंबऱ्यापर्यंतच. त्याचे वडील घोडी पाळायचे, त्याच्या कपड्यांना लिदीचा वास येई. म्हणून माझ्या आईने त्याला तिथेच बसायला सांगितलं होतं. मी आईला एक शब्द बोलू शकलो असतो. बोललो नाही. ते अजून सलतं.

एकदा हिरोने दिवसभर घोडा पळवला, गुत्त्यासमोर बांधला आणि आत गेला. आम्ही आता गोळीबार होणार म्हणून श्वास रोखून बसलो. उंबऱ्यावरून गज्या म्हणाला, "काहून बे, त्या घोड्याले पाणी कोण पाजते?"

त्यानंतर मला ती मालिका कधी निवांत पाहता आली नाही.

*

माझं लग्न पातूरला झालं. घोडी अर्थातच गज्याची. मी ठरवलं होतं, काउबॉयसारखी उडी मारून बसायचं. मारली. शेरवानीसकट पलीकडे उतरलो! सासरे बघतच राहिले. गज्याने माझा फेटा झटकला आणि कानात म्हणाला, "आमची घोडी शिकेल हाय. नवरदेवच नवीन हाय."

*

हा पुढचा किस्सा दिलीप माझ्यासमोर सांगत नाही, म्हणून मीच सांगतो.

काही वर्षांपूर्वी मी गज्याला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. आसामकडे नदीतल्या बेटांवर मोकळे घोडे आहेत, कुणाच्याच मालकीचे नाहीत. गज्याने तो पाच वेळा पाहिला. "जाऊ आपण," मी म्हणालो. त्याने दुसऱ्याच दिवशी स्वेटर आणला.

पण मी पडलो वकील. तारीख वाढवणं अंगात मुरलेलं. कधी कोर्ट, कधी मुलीची परीक्षा, कधी नुसताच कंटाळा. मग गज्याला हार्टचा त्रास सुरू झाला आणि डॉक्टरांनी लांबचा प्रवास बंद केला. स्वेटर त्याने दिलीपला देऊन टाकला. मला म्हणाला, "तू काहून तोंड पाडतं? टीव्हीत पायलेच होते ना."

त्याने एकदा तरी शिवी द्यायला हवी होती.

*

आता हा मागच्या महिन्यातला. हल्ली नवरदेव सजवलेल्या गाडीतून येतात. गज्याची शेवटची घोडी, राणी, म्हातारी झाली. मुलगा गज्याला पुण्याला नेणार, म्हणून राणीला गज्याच्या मेहुण्याच्या हिवरखेडच्या शेतात सोडायचं ठरलं. गज्याचं एकच म्हणणं होतं, "एकडाव मले ते मोकळी पळताना पाऊ दे."

तूर निघालेलं रिकामं वावर होतं. गज्याने स्वतःच्या हाताने लगाम काढला. "जाय, बाई."

राणी पंधरा पावलं चालली आणि थांबली. मान खाली घालून उभी राहिली. दिलीपने टाळ्या वाजवल्या, शिट्टी मारली. ती ढिम्म.

"ते नाही हालत," गज्या म्हणाला. "सोळा वर्सं वरातीत चालली. पंधरा पावलं झाले का थांबते. म्होरं नाचनाऱ्याइचं झाल्याबिगर पाय नाही उचलत."

तो स्वतः नाचू शकत नव्हता. दिलीपने तोंडाने बँड सुरू केला. मी आयुष्यात कुणाच्या वरातीत नाचलो नाही, माझ्या भावाच्यासुद्धा नाही. मी बूट काढले आणि तुरीच्या खुंटांत नाचलो. थांबलो, तशी राणी पंधरा पावलं चालली. पुन्हा नाचलो. ती पुन्हा चालली. असं करत आम्ही वावराच्या पार टोकाला, धुऱ्याच्या बांधापाशी पोचलो. पुढे नुसतं मोकळं रान होतं.

मला धाप लागली होती. मी मागे वळून ओरडलो, "गज्या, आता काय करू?"

तिकडून त्याचा आवाज आला, "आता तू बाजूले हो."



मी बाजूला झालो.